मिसळलेल्या ओस्त्या

आमच्या सांता क्वितेरियात कुणी मरायला टेकलं की पाद्रीला नाही, मिरोला बोलावतात. पाद्री वर्षातून दोनदा होडीने येतो, तेही नदीला पाणी असेल तर, आणि मरण काही त्याच्या सवडीने येत नाही. म्हणून पाद्री जाताना मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पवित्र केलेल्या ओस्त्या वेदीशेजारच्या लाकडी पेटीत ठेवून जातो आणि पेटीची किल्ली मिरोकडे देतो. तांदळाच्या पापडीसारख्या त्या पांढऱ्या गोल चकत्या. पाद्रीने पवित्र केल्या की तेच ख्रिस्ताचं शरीर, असं आम्ही मानतो. रविवारी प्रार्थनेनंतर मिरो त्या सगळ्यांना देतो, आणि आजाऱ्यांना घरी जाऊन देतो.

मिरोचं पूर्ण नाव तेओदोमीरो. धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा आणि वरून गरम राळ ओतायची. राळेने नखं कायमची काळी झालेली. त्या नखांनी तो ओस्ती उचलतो तेव्हा नवखे लोक जरा चमकतात. पण या कामाला त्याला निवडलं दोना युफ्राझियाने, आणि तिच्या शब्दापुढे जायची छाती पाद्रीलाही नव्हती.

युफ्राझिया म्हणजे गावाची धर्मशिक्षिका, दोना हे आपल्या ‘बाईं’सारखं मानाचं. फरिन्या, म्हणजे कसाव्याचं भरड पीठ, भाजायचा लांब लाकडी उलथना हातात घेऊन तिने आमच्या दोन पिढ्यांना प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली. उत्तर चुकलं की उलथना पोटरीवर. मिरोची ती धर्माची आई, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरणारी. म्हणून इतरांना एक फटका तर त्याला दोन. पहिल्या ओस्तीच्या दिवशी त्याने उपाशी राहायचं सोडून सकाळीच आंबा खाल्ला, तर तिने त्याला रांगेतून ओढून बाहेर काढलं आणि वर्षभर थांबवलं. आई मारायला धावली तरी मिरो इतका घाबरायचा नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मिरोने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. गेलं वर्षभर ओस्ती उचलून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणताना त्याच्या आत काहीच हलत नव्हतं. शंका एकदम आली नाही. फळीला कीड लागावी तशी हळूहळू आली. वरून फळी धडधाकट, ठोकून पाहिलं की पोकळ आवाज. माणसं तोंड उघडून समोर उभी राहत, डोळे मिटत, आमेन म्हणत, आणि मिरोला वाटे, यांना नक्की काय मिळतंय? आणि मला का मिळत नाही? शनिवारी तो बायकोवर उगाच खेकसायचा. किल्ली परत द्यावी असं शंभरदा मनात आलं, पण देणार कुणाला आणि सांगणार काय?

त्या वर्षी दुष्काळ पडला. नदी आटून चिखलाचा पट्टा उरला, होड्या पोटावर पडल्या, मेलेल्या माशांचा वास घरात शिरला. आणि त्या उन्हातच एका सकाळी युफ्राझियाची मुलगी नाझिल्दा मिरोच्या दारात आली.

"मिरोदादा, आईने बोलावलंय. ओस्ती घेऊन ये म्हणाली."

"बरी नाही का?"

"कालपासून चमचाभर पाण्यापलीकडे काही उतरत नाही. ती म्हणते आज. तिने आज म्हटलं म्हणजे आजच, तुला माहीत आहे."

मिरो हात धुऊन चर्चमध्ये गेला. पेटी उघडली. आत झाकणाचा पितळी पेला होता, लख्ख पुसलेला, आणि रिकामा. त्याने पेला उलटा करून पाहिला, पेटीत हात घालून चाचपलं, वेदीखाली वाकून पाहिलं. मग तो घरी पळत सुटला. चर्चमधून पळत निघालेला मिरो गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्याची बायको अल्झेनिरा परसात फरिन्या भाजत होती. चर्च झाडण्या-पुसण्याचं काम तिचं.

"पेला रिकामा आहे!" मिरो धापा टाकत म्हणाला.

"असणारच. मी काढल्या त्यातल्या."

"तू काढल्यास? तू?"

"ओरडू नको. परवा झाडायला गेले तर पेटीत लाल मुंग्यांची रांग. किल्ली तुझ्या खुंटीवर होती, उघडली. पेल्यात नुसत्या बुजबुजल्या होत्या. देवाला मुंग्यांना खाऊ द्यायचं का मग?"

"मग ठेवल्यास कुठे?"

"चर्चच्या कपाटात तो बिस्किटाचा डबा आहे ना, घट्ट झाकणाचा. त्यात."

मिरो मटकन खाली बसला. "अगं, तो डबा रिकामा नव्हता. त्यात कोऱ्या ओस्त्या होत्या. सिस्टरबायांनी पाठवलेल्या, पाद्रीने पुढच्या खेपेला पवित्र करायच्या."

"होत्या की थोड्या तळाला. ओस्त्यांतच ओस्त्या ठेवल्या, तांदळात शेण नाही कालवलं."

"निदान वरच्या वर तरी असतील?"

अल्झेनिराने उलथना फिरवायचा थांबवला. "मी डबा झटकला."

"झटकलास?"

"चांगला हलवून हलवून झटकला. नाहीतर मुंग्या काय हात जोडून बाहेर येणार होत्या?"

मिरो उठून उभा राहिला. बिचारीचं काय चुकलं? तिने देवाला वाचवलं होतं. एवढ्या भक्तीने एवढा घोटाळा आमच्याच गावात होऊ शकतो.

चर्चमध्ये परत येऊन त्याने वेदीवर पांढरं फडकं पसरलं आणि ओस्त्या एकेक करून मांडल्या. सगळ्या एका साच्यातल्या, एकाच हातच्या, सगळ्यांवर तोच क्रूस. खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. काहीच फरक नाही. मग त्याच्या डोक्यात आलं, मुंग्या! ज्यांच्या कडा कुरतडल्यात त्या पेल्यातल्या, म्हणजे पवित्र. त्याला घाम फुटला, पण आनंदाचा. एक कुरतडलेली सापडली, दुसरी सापडली. मग तिसरी, चौथी, आणि मग निम्म्याहून जास्त. डब्याच्या तळाशी मेलेल्या मुंग्यांचा थर होता. डब्यात गेल्यावरही त्यांनी जेवण चालूच ठेवलं होतं, पवित्र-कोरं न बघता.

तेव्हा मिरोला राग आला. अल्झेनिराचा नाही, मुंग्यांचा नाही. वेदीकडे तोंड करून तो म्हणाला, "तू यातल्या काहींत आहेस, काहींत नाहीस. मग एवढीशी खूण करता येत नाही तुला?" बोलून झाल्यावर त्याचीच जीभ कोरडी पडली. कारण वर्षभर जे मनात दडपलं होतं ते हेच होतं. खूणच नसेल तर फरक तरी काय?

पण त्याच्या शंकेचं तो बघून घेईल, युफ्राझियाचं काय? तिच्यासाठी ही नुसती चकती नव्हती. तिच्याच शिकवणीप्रमाणे कोरी ओस्ती ख्रिस्त म्हणून देणं म्हणजे मोठं पाप, आणि शेवटच्या घटकेला ती देणं म्हणजे विश्वासघात. आणि मुळीच न देणं म्हणजे तिला उपाशी पाठवणं. जे तिला सगळ्यांत मोलाचं, तेच तिला आज मिळणार की नाही हे राळेने काळ्या झालेल्या त्याच्या नखांवर येऊन ठेपलं होतं. त्याने ओस्त्या डब्यात भरल्या, डबा काखेत मारला आणि दवाखान्याकडे गेला.

दवाखान्यात रेडिओ आहे. त्यावरून शहरातल्या पाद्रीशी बोलता येतं. अडचण एवढीच की नदीकाठच्या यच्चयावत गावांचे रेडिओ एकाच लहरीवर असतात, आणि दुष्काळात करमणूक म्हणून सगळे कान लावून बसलेले असतात. चर्चमधल्या ओस्त्या मिसळल्या असं बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत नदीच्या मुखापर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून मिरोने आडवळणाने सुरुवात केली.

"पाद्रीबाबा, समजा घरात चांगलं मीठ आणि... आणि साधं मीठ एका बरणीत मिसळलं. दिसायला सारखंच. तर काय करायचं?"

पाद्री काही बोलायच्या आत वरच्या गावातल्या कुणी बाईने तोंड घातलं. "चाखून बघ की!"

"चव पण सारखीच आहे."

"मग मिसळलं म्हणून रडतोस कशाला?" दुसऱ्या गावातून एक पुरुष म्हणाला, आणि सगळीकडून हसण्याची खरखर आली.

पाद्री मात्र हसला नाही. मिरो मिठासाठी रेडिओवर येणारा माणूस नव्हे, हे तो ओळखून होता. "मिरो, असं झालं असेल तर बरणी तशीच झाकून ठेव. मी आलो की सगळंच पुन्हा चांगलं करून देईन. तोवर कुणाला वाढू नको."

"पण पाहुणी थांबणारी नाही, पाद्रीबाबा."

हसणं थांबलं. मग वरच्या गावातली तीच बाई हळू आवाजात म्हणाली, "कोण? दोना युफ्राझिया? अरे देवा!" तिनेही लहानपणी तोच उलथना खाल्ला होता.

"मी यायला निघालो असतो रे," पाद्री म्हणाला. "पण होडी चिखलात आहे, चालत येईपर्यंत..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "पाहुणीलाच विचार. तिला स्वयंपाकातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मिरो डबा घेऊन बाहेर आला तर अल्झेनिरा दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं, कारण दवाखान्याच्या भिंती फळ्यांच्याच आहेत.

"पाद्रीचं ऐकू नको," ती म्हणाली. "मरणाऱ्याला कुणी असलं विचारतं? एक उचल, डोळे मिट, दे आणि ये. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं. मला काय कळतं?"

"तुला काही कळायची गरजच काय? तू वाढपी आहेस." मग तिचा आवाज फुटला. "माझ्यामुळे झालंय ना. तिला सांगू नको रे. मी झटकला हे तिला सांगू नको."

युफ्राझियाचं घर चिखलाच्या पलीकडे. वाटेत टाकलेल्या फळीवरून जाताना मिरो तिसऱ्या-चौथ्या पावलाला थांबत होता. देऊन मोकळं व्हावं, असं एका पावलाला वाटे. ती ओळखेल, असं पुढच्याला. आणि त्याच्या पुढच्या पावलाला जे वाटे ते सगळ्यांत वाईट. तिने ओळखलंच नाही तर? वर्षभराची त्याची शंका खरी ठरेल, आणि तीसुद्धा गावातल्या सगळ्यांत श्रद्धाळू बाईच्या तोंडून.

दारात नाझिल्दाने त्याला अडवलं. रेडिओवरची बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"मिठाची काय भानगड आहे मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. आईपुढे एक शब्द काढायचा नाही, मिरोदादा. सरळ आत जा, दे, आणि जा. ती त्याच एका गोष्टीसाठी श्वास धरून आहे."

आत दोन खांबांना टांगलेल्या झोळीत युफ्राझिया होती, म्हणजे तिचं जे काय उरलं होतं ते. शेजारी टेबलावर पांढरं कापड आणि मेणबत्ती.

"आशीर्वाद द्या, माय," मिरो म्हणाला.

"देव तुला आशीर्वाद देवो. उशीर केलास. मेणबत्ती उजवीकडे घे, कापडाला लागेल."

त्याने मेणबत्ती सरकवली. पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. तिचे ओठ त्याच्या पुढे एक शब्द चालत होते, तो चुकला तर सावरायला. मग त्याने डबा उघडला आणि एक ओस्ती उचलली. युफ्राझियाने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आतली जीभ सुकलेली, भेगाळलेली. आता दोनच शब्द म्हणायचे होते. तो ओस्ती हातात धरून राहिला. ती थांबली. तिने तोंड मिटलं.

"काय झालं? विसरलास?"

"माय, ही ओस्ती... ही पवित्र आहे की कोरी, मला माहीत नाही."

मागे नाझिल्दाने "मेल्या!" असा दबका उद्गार काढला. पण आता सुटलेलं तोंड थांबणार नव्हतं. मिरोने सगळं सांगितलं. मुंग्या, पेला, डबा. डबा कुणी झटकला ते मात्र सांगितलं नाही.

"अल्झेनिराने झटकला असेल," युफ्राझिया म्हणाली. "गाढव आहे ती. तुझ्या लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं मी."

मिरोला वाटलं, चला, वाचलो. पण मग तिचा चेहरा बदलला. मिरोने तिला रागावलेली पाहिली होती, नवऱ्याच्या प्रेताशेजारी कोरड्या डोळ्यांनी बसलेली पाहिली होती. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. तिच्या बोटांनी झोळीची कड घट्ट धरली.

"म्हणजे मला कोरीच मिळायची," ती म्हणाली. "आणि नंतर वेळ नाही."

"माय, तुम्हाला कळेल," मिरो घाईघाईने म्हणाला. तो तिला धीर देत होता की स्वतःसाठी भीक मागत होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "जन्मभर घेतलीत तुम्ही. जिभेवर ठेवलीत की ओळखाल. नसली तर दुसरी देतो, तिसरी देतो. जी खरी असेल तिथे मला सांगा."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तोंड उघडलं. त्याने ओस्तीचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. नाझिल्दाने चमच्याने पाणी सोडलं. घसा हलायला फार वेळ लागला. मिरो तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हता. आता ती सांगेल. हो किंवा नाही, काहीही सांगू दे, पण कळू दे.

"काय, माय? होती का?"

"कळत नाही."

"जरा थांबून बघा. आतून काही..."

"मिरो," ती म्हणाली, "मला कधीच कळलं नव्हतं."

मिरोला नीट ऐकूनही ऐकल्यासारखं वाटलं नाही. "कधीच?"

"अगदी पहिल्या दिवसापासून. पांढरा झगा घालून उभी होते. सगळ्या मुली रडल्या. माझी टाळूला चिकटली, एवढंच."

"मग तो उलथना? आम्हाला एवढं मारत होतात ते?"

"भीती वाटायची रे. कुणी उठून मला विचारलं असतं, बाई, तुम्हाला काय होतं, तर काय सांगणार होते मी? म्हणून विचारूच द्यायचे नाही." ती दमून थांबली. नाझिल्दा तोंडावर हात ठेवून भिंतीशी उभी होती. आपली आई बोलते आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"मग इतकी वर्षं कशासाठी येत राहिलात?" मिरोने विचारलं. त्याच्या आवाजात राग होता. एवढी वर्षं हिला घाबरून काढली, आणि ही त्याच्यासारखीच निघाली.

"भूक लागायची," युफ्राझिया म्हणाली. "पोट भरलं असं कधी वाटलं नाही. पण भूक लागायची ती लागायचीच. अजून लागते. दुसरी दे."

मिरोने डब्यात हात घातला. या वेळी कडा पाहिल्या नाहीत, उजेडात धरली नाही. बोटांना जी लागली ती उचलली, एक कोपरा मोडला आणि म्हणाला, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," ती म्हणाली, पूर्वी वर्गात म्हणायची तशी खणखणीत. घसा पुन्हा हळूहळू हलला.

मग तिने झोळीतून हात बाहेर काढला आणि डब्याकडे बोट केलं. मिरोला समजेना. तिने आपणच डब्यात बोटं घातली, एक ओस्ती काढली आणि त्याच्यासमोर धरली. तिला तो अधिकार नव्हता. ज्याला अधिकार नाही त्याने ओस्तीला हात लावला तर ती घरी पाठवून द्यायची.

"माय, तुम्ही नाही..."

"ख्रिस्ताचं शरीर," युफ्राझिया म्हणाली.

वर्षभर तो हे शब्द दुसऱ्यांना ऐकवत होता. रविवारी स्वतः घेताना कुणी समोर नसे. भराभर तोंडात टाकून तो पेटी बंद करायचा, उत्तर द्यायची वेळच येत नसे. आता समोर माणूस होतं आणि उत्तराची वाट पाहत होतं. आमेन म्हणजे ‘हे असंच आहे’, असं तिनेच पाठ करून घेतलं होतं. हे असंच आहे की नाही, हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मिरो गुडघे टेकून तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"लवकर म्हण रे," ती म्हणाली. "हात भरून येतोय."

"आमेन," मिरो म्हणाला, आणि त्याने तोंड उघडलं.